दुसरी फवारणी

ये, अशी जवळ सरक. तिकडे लांब बसून नुसतं 'हं, हं' करू नको. कागदावर का होईना, आज मी तुला पुढ्यात बसवलंय, आणि आज तुला मधेच 'आई, ठेवते गं, मीटिंग आहे' म्हणून निसटता येणार नाही. तुझी घाई मला कळते. पण आईनं तोंड उघडलं नाही तोच 'बरं मग, जपा' म्हणून मोकळी होणारी लेक मी तरी दुसरी पाहिली नाही बाई. रागावले नाही. रागावले असते तर एवढं लिहायला बसलेच नसते. पण तू तरी काय गं, दर रविवारी एकच विचारतेस, "आई, माशांचा फोटो टाक ना." आणि मी म्हणते, आज पाणी गढूळ आहे. आज ऊन डोळ्यावर येतंय. आज फोनच चार्ज नाही. इतके रविवार पाणी गढूळ राहतं का कुठे? पोटच्या पोरीच्या लक्षात यायला नको?

तर ऐक. मासे राहिले नाहीत. एकही नाही. हौदात पाणी आहे, कारण ते काढून टाकायला बाबा देत नाहीत. कसं झालं ते फोनवर सांगायला गेले की मला रडू येतं आणि तू घाबरतेस, म्हणून लिहून सांगते. लिहिताना रडलं तरी अक्षर तेवढं वाकडं होतं, बाकी काही नाही.

सुरुवातीपासून सांगते. तुला माहीत आहे तेही सांगते, कारण तू तेव्हा दोन दिवस होतीस आणि मी रोज होते.

बाळापूरकडचं वावर बटईनं कसायला दिलं, बैलजोडी गेली, आणि आम्ही कायमचे अमरावतीच्या घरी आलो. तेव्हापासून तुझे बाबा बंगईवर झोके घेत पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायचे. ज्या माणसानं जन्मभर कपाशी केली, त्याला फरशीवर काय उगवणार? मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. तुझे काका आले होते एकदा, समोर बसून चहा पीत होते. हे उठून आत आले आणि हळूच मला म्हणतात, "अवं, हा मानूस कोन हाय? लय वेळचा बसून राह्यला." सख्खा भाऊ गं. काकांनी ऐकलं. हसले, म्हणाले, "वहिनी, याले म्हना सावकार हाय, वसुलीले आला." आम्ही दोघं हसलो. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले, तर काका दुपट्ट्यानं डोळे पुसत होते.

त्याच महिन्यात तू नागपूरहून ते जपानी मासे आणलेस. कोई. हवा भरलेल्या फुगीर पिशव्यांत, मांडीवर घेऊन आलीस सगळी वाट. मागच्या अंगणातला सिमेंटचा हौद पूर्वी नळाचं पाणी साठवायला बांधलेला, तो रिकामाच पडला होता. म्हणालीस, "बाबांना जीव लावायला काहीतरी असू दे." खरं सांगू? मी मनात म्हटलं, शेतकऱ्याच्या घरात शोभेचे मासे, ना खायचे ना विकायचे, हिला शहराचं वारं लागलं. तू गेलीस आणि ते माझ्या गळ्यात पडले. मग काय, शिकले. सातवी झालेली बाई मी, पण मोबाईलवर हिंदीत बोलणारे लोक असतात ना, त्यांचं ऐकून ऐकून शिकले. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, त्यात ब्लिचिंग असतं, ड्रममध्ये उघडं ठेवून मग ओतायचं. वरून हिरवी जाळी बांधायची, नाहीतर आपल्या वऱ्हाडच्या उन्हात माशांचं सार होईल. खायला पाच मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं.

आणि तुझ्या बाबांनी त्यांची ढोरं केली.

हसू नको. त्यांनी त्यांना बैलांच्या रंगांनी हाका मारायला सुरुवात केली. पांढऱ्यावर तांबडे डाग होते तो बांडा. सबंध सोनेरी तो पिवळ्या. काळा-केशरी मिसळलेला तो कबरा. कपाळावर लाल टिकली होती तो चांद्या. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी हौदावर. "उठले का रे? पानी पेले का?" माशांना विचारायचे, पाणी प्यायले का! शेजारच्या नर्सबाई कंपाउंडवरून म्हणायच्या, "काकाजी, मासे पान्यातच रायतात." हे म्हणायचे, "म्हनून काय झालं? तुमी हवेत रायता, तुमाले कोनी उन्हाळ्यात पंखा इचारत नाई का?" नर्सबाई माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. असं उत्तर वर्षभरात ऐकलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर कहर. हळद आणि तूप वाटीत घेऊन हौदाशी जाऊन बसले. बैलांचे खांदे मळतो ना आपण आदल्या दिवशी, तसे माशांचे मळायला. मी धावत गेले, म्हटलं, "अवो, पान्यात तूप नोका टाकू, मरतीन ते." थांबले. वाटी बाजूला ठेवली. हौदाच्या काठावर हळदीचं बोट लावलं आणि पाण्यावर वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी काठावर पुरणपोळीचं पान मांडलं. ते मुंग्यांनी खाल्लं, पण यांचा पोळा झाला.

तुला हे एवढं सांगते, कारण तुला कळायला हवं की ते मासे काय होते. माणसं एकेक करून पुसली जात होती. आठवणीतून काका गेले, मामा गेला, कधीकधी मीही जायची, मला म्हणायचे, "बाई, तुमी कोनाकडच्या?" पण मासे राहिले होते. गुरं सुटून रानभर होतात तेव्हा एखादा म्हातारा बैल आपल्या खुंट्याशी येऊन उभा राहतो ना, तसे हे हौदाशी येऊन उभे राहायचे आणि तिथून पुन्हा आमच्यात यायचे. "चांद्यानं आज खाल्लं नाई," असं म्हणत घरात आले की मला नावानं हाक मारायचे. मासे असेपर्यंत हे आहेत, एवढं मला कळून चुकलं होतं.

मग महालक्ष्म्या आल्या. तुझ्या मामानं मोठ्या हौसेनं गावच्या तळ्यातून कमळं आणली, मुळांसकट, चिखलासकट. "ताई, ताजी रायतीन," म्हणून हौदातच सोडली. पूजा झाली, फुलं वाहिली, कंद तसेच पाण्यात राहिले. वरची पानं छान दिसत होती, मी तुला फोटोही पाठवला होता. त्या मुळांना चिकटून काय आलं ते कोणाला दिसणार?

आधी यांनाच कळलं. एके सकाळी आत येऊन म्हणाले, "बांडा आंग घासून राह्यला." मी भाजी चिरत होते, म्हटलं, खेळत असेल. "नाई नाई. खेळत नाई. ढोरू भितीले आंग घासते, तवा त्याच्या आंगावर काई तरी असते." मी गेले बघायला. खरंच, बांडा हौदाच्या तळाशी जाऊन एकदम तिरपा व्हायचा, सिमेंटला अंग खरडायचा आणि सुर्रकन वर यायचा. कबरा मधेच पाण्याबाहेर उडी मारायचा. पिवळ्या कोपऱ्यात पर मिटून उभा. मला वाटलं पाणी खराब झालं. अर्धं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मी चष्म्यावर भिंग धरून बसले. बांड्याच्या पाठीवर, पराच्या बुडाशी, एक दोरा दिसला. अगदी शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा, पांढरट-हिरवा, नखाएवढा. म्हटलं, पोत्याचा धागा चिकटला असेल. पण धागा पाण्यात हलतो आणि सुटतो, हा सुटेना. ज्या जागी तो होता तिथं लाल फोड. चांद्याच्या पोटावर दुसरीच गोष्ट, चपटी, गोल, काचेसारखी आरपार, ज्वारीच्या दाण्याहून लहान. आधी मला तो खवल्यावरचा डाग वाटला. मग तो डाग चालायला लागला. यांना दाखवलं, तर हे एकदम म्हणाले, "गोचीड हाय." जसं काही माशाला गोचीड असणं जगातली साधी गोष्ट आहे.

मोबाईलवर शोधलं तर दोन्ही सापडले. तो चपटा खरंच माशांची गोचीडच निघाला, रक्त पिणारा. आणि तो दोरा म्हणजे किडा. डोकं मांसात रुतवून बसतो, बाभळीच्या काट्यासारखं, बाहेर लोंबते ती त्याची शेपटी. पण मोबाईलवर दहा जण दहा औषधं सांगतात. एक म्हणतो मीठ, एक म्हणतो निळं औषध, एक म्हणतो सगळं पाणी काढून हौद वाळवा. माझी हिंमत होईना. नर्सबाईंनी त्यांच्याकडचा चिमटा आणून दिला, मी बांड्याच्या अंगावरचा एक दोरा ओढून काढला आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून ठेवला. मामानं अकोल्याच्या गुरांच्या डॉक्टरांचं सांगितलं. म्हटलं, चला.

यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून दोघं निघालो. एसटीत खिडकीशी बसवलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, हे दर दहा मिनिटांनी विचारायचे, "कोन्या गावाले चाल्लो?" मी म्हणायची, "अकोल्याले." "कापूस घेऊन?" "नाई, किडा घेऊन." समोरच्या बाईनं वळून पाहिलं आमच्याकडे. बाटली माझ्या मुठीत होती.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. आधीच सांगितलं, "आजी, मी म्हशी-बकऱ्या बघतो. माशांचं माझं काम नाही. पण थांबा." बाटलीतला दोरा काचेवर घेतला आणि दुर्बिणीखाली धरला. मग मलाही बघायला लावलं. मग यांनाही. हे डोळा लावून खूप वेळ बघत राहिले. उठत नव्हते. डॉक्टरांनी कोणालातरी फोन केला, माशांचं शिकलेल्या मित्राला, आणि सगळं नीट विचारून मग आम्हाला सांगितलं. मोठे किडे चिमट्यानं मुळाशी धरून काढायचे, अर्धे तोडायचे नाहीत. जखमेवर लाल औषध कापसानं लावायचं. माशांना घमेल्यात खड्या मिठाचं पाणी करून थोडा वेळ ठेवायचं. कमळाचे कंद काढून टाकायचे. आणि हौदात एक औषध घालायचं, त्यानं मोठे मरत नाहीत, पण अंड्यांतून जी पिल्लं निघतात ती वाढत नाहीत. "म्हणून एकदा घालून भागणार नाही. काही दिवसांनी पुन्हा घालायचं. अंडी मागे राहतात."

हे मान हलवत होते, पण डोळे भिंतीकडे. डॉक्टरला वाटलं असेल, या आजोबांनाही कळलं पाहिजे. ते खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आजोबा, कपाशी केली ना तुम्ही? बोंडअळीचं कसं असतं? पहिली फवारणी केली आणि दुसरी चुकली की?"

"गेलं पीक," हे म्हणाले. एकदम. डोळ्यांत उजेड.

"बस. हेही तसंच."

"दुसरी फवारनी चुकू द्याची नाई."

"शाबास!" डॉक्टर म्हणाले.

देवाशपथ सांगते, त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. वर्षभरात यांच्याशी कोणी इतकं नीट बोललं नव्हतं.

आणि मग जे दिवस आले, ते मला जन्मभर पुरतील. सकाळी ऊन कोवळं असताना आम्ही दोघं हौदाशी बसायचो. मी जाळीनं मासा उचलायची, हे ओल्या पंचात धरायचे. ज्यांच्या हाताला शर्टाची बटणं लागत नव्हती गं, चहाच्या कपाची कडी सापडत नव्हती, त्या हातांत तो बुळबुळीत मासा असा शांत राहायचा की मला विश्वास बसायचा नाही. डोळ्यांवर पंचाचा ओला पदर टाकायचे त्याच्या, अंगठा गालफडाखाली, आणि तोंडानं च् च् च्. बैलाची गोचीड काढताना जसं करायचे, तसंच्या तसं. म्हणायचे, "धरला. काढ." मी चिमट्यानं काढायची. एक, दोन, तीन. लाल औषधाचा बोळा. "झालं का?" "झालं." "सोड." मासा मिठाच्या पाण्यात, तिथून हौदात. दुसरा. "धरला. काढ." माझा हात थरथरला की मला रागवायचे, "वावरात निंदन करत होती तवा बरी कापत नव्हती!" लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तेव्हाच्या माझ्या निंदणाची आठवण त्या माशाच्या पाठीवर त्यांना सापडली.

मासे सुधारले. फोड सुकले, अंग घासणं थांबलं, पिवळ्या कोपऱ्यातून बाहेर आला. आणि यांना एक गोष्ट लक्षात राहिली. सकाळी उठले की, "दुसरी फवारनी कवा हाय?" जेवायला बसले की, "दुसरी फवारनी चुकू नोको देऊ." मला इतका आनंद व्हायचा. नर्सबाईंना बोलावून ऐकवलं मी. म्हटलं, "बघा, लक्षात ठेवलंय त्यांनी! कोणी न सांगता!" दोघी टाळ्या पिटायच्या बाकी होतो.

हौदात घालायचं ते औषध पहिल्या वेळेपुरतंच मिळालं होतं. दुसऱ्या वेळचं डॉक्टरांनी मागवून ठेवलं होतं, ते आणायला मी अकोल्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल म्हणाले, म्हणून अकोल्यातच मामाकडे राहिले. यांच्याजवळ नर्सबाई आणि त्यांचे मालक राहिले, जेवण त्यांच्याकडचं. दुपारपर्यंत परत येते म्हटलं होतं आणि दुपारीच आले.

फाटक उघडलं आणि वास आला. निंबोळीचा. कडू, तेलकट, ओला. तुला आठवेल तो, लहानपणी तू नाक दाबून पळायचीस. मला तर क्षणभर बरं वाटलं. वाटलं, आपण वावरात आलो.

यांची सवय तुला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात रस्त्यावरच्या निंबांखालून निंबोळ्या वेचून आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या आणि पोत्यात भरून ठेवायच्या. वावर गेलं तरी ते सुटलं नाही आणि मीही कधी अडवलं नाही, तेवढाच हातांना उद्योग. त्या पोत्यातल्या निंबोळ्या त्यांनी मी गेल्याबरोबर अंगणात बसून कुटल्या. दिवसभर. रात्री बादलीत भिजत घातल्या. सकाळी फडक्यातून गाळल्या. अर्क पानाला चिकटावा म्हणून त्यात साबणाची पावडर लागते, ती नर्सबाईंकडे मागितली. त्यांना वाटलं, काकाजी गुलाबांना मारणार. त्यांनी दिली. एक पायरी चुकली नाही गं. दुकानातलं विषारी औषध नाही, काही नाही. आपल्या लोकांचं सगळ्यात निरुपद्रवी औषध, जे फवारून आपण त्याच हातानं भाकर खाल्ली. पण ते पानांसाठी असतं. माशाच्या कल्ल्याला तो अर्क आणि तो साबण म्हणजे काय असतं, ते त्यांच्या कपाशीनं त्यांना कधी शिकवलं नव्हतं.

मी मागे गेले. हौदावर पांढरा फेस. बादली धुऊन पालथी घातलेली. गाळायचं फडकं पिळून दोरीवर. फवारणी झाल्यावर करायचे तसं सगळं जागच्या जागी. हे बाह्या दुमडून, तोंडावर दुपट्टा बांधून उभे होते. मला बघून दुपट्टा खाली केला. असं हसू मी त्यांच्या तोंडावर वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

"आली का वं? दुसरी फवारनी झाली. तू नोको घाबरू."

पिशवीत ते औषध होतं, ती पिशवी तशीच ओट्यावर ठेवली. नर्सबाई धावत आल्या, फेस पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि मटकन पायरीवर बसल्या. "अवं माय, पावडर मीच देली." त्यांना धरू की मासे काढू?

ड्रममधल्या चांगल्या पाण्यात एकेक हलवला. बांडा गेलाच होता. कबरा कुशीवर, कल्ले उघडत-मिटत. पिवळ्या हातातच गेला. हे माझ्यामागे ड्रमपर्यंत यायचे, हौदापर्यंत जायचे. "हे काहून असे करून राह्यले वं? थकले का?" मी म्हटलं, "हो, थकले." पाणी मी हलवत राहिले, हातानं, तांब्यानं, हवा मिळावी म्हणून. दिवेलागणीपर्यंत चांद्या तेवढा राहिला. हे आत गेले आणि आपण होऊन ओला पंचा घेऊन आले. चांद्याला पाण्यातून उचललं, डोळ्यांवर पदर टाकला, अंगठा गालफडाखाली. च् च् च्. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "धरला. काढ."

काढायला काही नव्हतं गं. एकही किडा नव्हता त्याच्या अंगावर. मी चिमटा हातात घेतला आणि नुसता टेकवला. "झालं का?" म्हणाले. मी म्हटलं, "झालं."

जास्वंदीखाली पुरले मी आणि नर्सबाईंनी. हे तोवर जेवून झोपले होते, शांत. काम करून आलेल्या माणसासारखे.

सकाळी उठून हे हौदावर गेले. "मासे कुठी गेले?"

मी सांगितलं. मेले. कशानं ते सांगितलं नाही. ते मी कधीच सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. नुसतं म्हटलं, आजारानं गेले. माणूस बैल मेल्यावर रडतो ना, तसे रडले, दोन्ही हात डोक्यावर मारून. मला वाटलं, रडून मोकळे होतील. पण त्यांना मोकळं होणं कुठे आहे? दुसऱ्या सकाळी पुन्हा, "मासे कुठी गेले?" पुन्हा सांगितलं, पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. रोज नव्यानं. मी एकदाच हरवले ते मासे, यांनी रोज हरवले. आणि विचारायचे, "मी दुसरी फवारनी चुकवली का?" एवढं मात्र आठवतं. बाकी सगळं गेलं, ते राहिलं.

नर्सबाई कळवळून म्हणाल्या, "काकू, नवे आनू. त्याईले काय समजते?" त्यांनीच कुठून तरी दोन लहान आणले, दिसायला तसेच, एकाला तर कपाळावर टिकलीसुद्धा होती. हौद घासून घासून धुतला, नवं पाणी भरलं, सोडले. हे काठावर बसले. बघितलं. खूप वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "हे आपले नोहेत. कोनाचे हायत? ज्याचे त्याले देऊन टाक." जो माणूस सख्ख्या भावाला ओळखत नाही, त्यानं ते ओळखलं. स्वतःच्या हातानं एक दाणा घातला नाही त्यांना. शेवटी नर्सबाईंनी आपल्याकडे नेले, तिथं आहेत, मजेत आहेत.

मग एके दिवशी माझ्याच तोंडून निघून गेलं. "मासे कुठी गेले?" म्हणाले आणि मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "चराले गेले." माझा हात थांबला. यांनी मान हलवली. "हो का? मंग संध्याकाळी येतीन." आणि रडले नाहीत. तेव्हापासून रोज तेच उत्तर देते. खोटं बोलतेय, कळतं मला. पण रोज सकाळी त्यांचा बैल मारणं माझ्यानं होत नाही. फक्त संध्याकाळ जड जाते. ऊन उतरलं की हौदाशी खुर्ची नेऊन बसतात, मुठीत खाणं घेऊन, आणि पाण्याकडे बघत वाट बघतात. अंधार पडायला लागला की मी जाऊन हात धरून आणते. मूठ उघडते, दाणे काढून घेते. हल्ली मला 'बाई' म्हणतात. नावानं हाक मारल्याला किती दिवस झाले, आठवत नाही.

म्हणून तुला फोटो येत नव्हता.

आता ऐक, खरं काम पुढे आहे. परवा जेवताना थांबले आणि म्हणाले, "पोरगी दिसत नाई." मी विचारलं, "कोणती पोरगी?" म्हणाले, "आपली. पिशवी मांडीवर घेऊन आली होती ती." तोंडावर सगळं आलं होतं गं, तू, ती गाडी, ती फुगीर पिशवी. मी म्हटलं, "कामाला गेली आहे, येईल." "कवा?" माशांचं उत्तर मी तुझ्यासाठी वापरणार नाही. ते माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

तेव्हा ये. सुट्टी मिळते का, साहेब काय म्हणतो, ते मला सांगत बसू नको, तिकीट काढ आणि मग सांग. गाडी पहाटे बडनेऱ्याला येते, मी रिक्षा घेऊन स्टेशनवर उभी राहते. इकडे थंडी आहे, एक स्वेटर टाक. तुरीच्या शेंगा आल्या आहेत, नर्सबाईंनी गावाकडून आणून ठेवल्यात, उकडून खाऊ. येताना काही आणू नको. मासे तर मुळीच आणू नको. तुला बघितल्यावर बाबा ओळखतील का, हे मी सांगू शकत नाही, आणि नाही ओळखलं तर तू तिथं रडू नको, माझ्याजवळ आत ये आणि रड. पण अजून ते तुला विचारतात. तोवर ये. लवकर ये गं माय.